पाकिटामागची बारीक अक्षरं

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. सुताची धूळ नाकात गेली की शिंकांवर शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चुरचुरतात. डॉक्टरांनी तपासून ॲलर्जीची सर्दी सांगितली. नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे रोज, आणि काही दिवस रात्री एक गोळी: लेव्होसेटिरिझिन ५ मि.ग्रॅ. आणि मॉन्टेलुकास्ट १० मि.ग्रॅ. एकत्र. पहिल्यानं शिंका आणि खाज थांबते, दुसऱ्यानं आतली सूज उतरते.

मला बीपीची गोळी चालू आहे, हे मी आधीच सांगितलं. ‘या गोळीनं बीपीला धोका नाही, पण गुंगी येऊ शकते,’ डॉक्टर म्हणाले. चालत्या मागाजवळ डुलकी परवडत नाही, म्हणून पहिली गोळी सुटीच्या आदल्या रात्री घेतली. मॉन्टेलुकास्टनं काहींना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन खचतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेनं, २०२० मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिलाय. बायकोला सांगून ठेवलं, ‘माझ्या वागण्यात फरक दिसला तर लगेच बोल.’ सुदैवानं तसं काही झालं नाही.

खरी कसोटी नंतर आली. अंग तापलं, डोकं दुखायला लागलं. मेडिकलमध्ये सर्दी-तापाची गोळी पुढे केली गेली. पाकिटामागे वाचलं: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन. क्लोरफेनिरामिन म्हणजे ॲलर्जीचंच आणखी एक औषध, गुंगी वाढवणारं. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, बीपीवाल्याला ते नकोच. मला हवं होतं फक्त पॅरासिटामॉल, तेवढंच मागून घेतलं. अशा दोन-तीन गोळ्या एकावर एक घेतल्या तर त्यातलं पॅरासिटामॉल नकळत साठत जातं. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, त्यापुढे लिव्हरवर बेततं.

बहिणीलाही त्याच दिवशी फोन केला, कारण भाचा तीन वर्षांचा आहे. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलंय. घरातली सिरपची बाटली तिनं तिथल्या तिथे वाचून काढली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी जोडगोळी बंद केली. आता स्प्रे रोज, आणि शिंका फारच आल्या तर रात्री नुसती लेव्होसेटिरिझिन.