रेशनची पिशवी नेण्याआधी

वसईतल्या बऱ्याच चर्चच्या दारापाशी ‘गरिबांसाठी’ असं लिहिलेली कुलूपबंद पेटी असते. मिस्सा संपून बाहेर पडताना माणसं तिच्यात दहा-वीसची नोट टाकतात. त्या नोटेचं पुढे काय होतं, हे टाकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, हे काम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, म्हणजे आपली एसव्हीपी, करते. नवे तरुण सभासद येतात तेव्हा त्यांना पिशव्या भरायच्या आणि वाटायच्या असतात. पण या कामातली पिशवी ही शेवटची पायरी आहे, आणि आधीच्या पायऱ्या चुकल्या की पिशवीही वाया जाते. म्हणून हे सविस्तर लिहितो.

1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ही संस्था सुरू केली. गरिबांच्या घरी कसं जायचं, हे त्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवलं. तेव्हा ठरलेली पद्धत आजही तीच आहे: मदत घेणाऱ्याला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, आणि दोघांनी जायचं. दोघांनी जाण्याची कारणं रोजच्या कामातली आहेत. एकजण बोलत असताना दुसरा पाहू शकतो. एकाला दया येऊन तो भलतंच आश्वासन देऊ लागला, तर दुसरा सावरतो. घरात एकटी बाई असेल तर तिलाही अवघडल्यासारखं होत नाही, आणि पैशांबद्दल उद्या कुणी शंका काढली तर साक्षीदार असतो. जोडीत शक्यतो एक स्त्री असावी. काही घरांतल्या अडचणी पुरुषासमोर कधीच बोलल्या जात नाहीत.

वसईत हे काम दोन तऱ्हांचं आहे. पश्चिमेच्या वाड्यांत आणि कोळीवाड्यांत गरजू म्हणजे बहुतेक एकटी राहिलेली म्हातारी माणसं. मुलं गल्फला किंवा कॅनडात, घर मोठं, पण डोळ्यांत औषध घालायला कुणी नाही. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्यांमध्ये काम करणारी, चाळीत भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत आणि त्यापलीकडे आदिवासी पाडे. बरेचजण ख्रिस्ती नाहीत. सोसायटीच्या नियमात धर्म पाहून मदत नाही, आणि मदतीच्या बदल्यात कुणी चर्चमध्ये यावं अशी अपेक्षाही नाही. जोडीदार नवा असेल तर हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

घरभेटीला नळाला पाणी यायच्या वेळी जाऊ नये, घरातलं कुणीही तेव्हा दोन मिनिटं बसू शकत नाही. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दुपारी जावं. संस्थेचं नाव छापलेलं जॅकेट घालू नये, सगळ्या चाळीला कळतं. फोटो काढू नये, समोर कागद-पेन काढून फॉर्म भरू नये. आधी बसावं. पाणी दिलं तर प्यावं. पगार किती, हा पहिला प्रश्न नसावा. फळीवर औषधांच्या पट्ट्या कसल्या आहेत, गॅसचा सिलिंडर घरगुती 14.2 किलोचा आहे की पाच किलोचा छोटा, लाइट बिलावर थकबाकी आहे का, मुलाचं दप्तर कुठे आहे, हे सगळं बसल्या जागेवरून दिसतं. बाहेर पडल्यावर लगेच, घरी पोहोचायच्या आत, दोघांनी मिळून नोंद करावी: माणसं किती, वयं काय, कमावतं कोण, भाडं किती, कर्ज कुणाचं आणि आठवड्याचा हप्ता किती, आजार कोणता, शिधापत्रिका कोणत्या रंगाची आणि तिच्यावर किती नावं.

शेवटच्या त्या माहितीवर पुढचं सगळं ठरतं. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबात 20 किलो धान्य येणारच असतं. आपण आणखी 10 किलो तांदूळ नेऊन दिला तर तो विकला तरी जातो किंवा पावसाळ्यात त्याला कीड लागते. त्या घरात धान्य असतं, डाळ-तेल नसतं. उलट कार्ड असूनही धान्य मिळत नसेल तर का मिळत नाही ते शोधावं. बहुतेक वेळा ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, राहिलेली असते, किंवा आयुष्यभर सिमेंट-वाळूत काम करून बोटांचे ठसेच उमटत नाहीत. ई-केवायसीसाठी चेहरा ओळखणारं ॲप आहे, आजींना घरी बसून ते करून देता येतं. उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबाचं कार्ड गावचं असलं तरी ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे धान्य वसईच्या दुकानात घेता येतं. कित्येकांना हे ठाऊक नसतं. त्यांच्याबरोबर एकदा दुकानात जाऊन उभं राहणं हे दहा पिशव्यांच्या बरोबरीचं काम आहे.

धान्य मिळणाऱ्या चौघांच्या घरासाठी महिन्याची पिशवी साधारण अशी भरावी: तूरडाळ 2 किलो, मसूर किंवा मूगडाळ 1 किलो, तेल 2 लिटर, साखर 2 किलो, चहा पावडर अर्धा किलो, मीठ 1 किलो, मिरची पूड पाव किलो, हळद 100 ग्रॅम, अंगाचे साबण 4, कपड्यांचे 2. कार्डच नसेल तर 15 किलो तांदूळ आणि 5 किलो आटा वाढवावा. राजमा-छोले स्वस्तात मिळाले तरी टाळावेत. ते शिजायला गॅस फार लागतो, आणि छोटा सिलिंडर पुरवून वापरणाऱ्या बाईला तो परवडत नाही. मसूर पटकन शिजते. मधुमेही घरात साखरेऐवजी डाळ वाढवावी. आटा पंधरा दिवसांहून आधी भरून ठेवू नये, जूनपासून तर मुळीच नाही. तेलाच्या पिशव्या तळाशी ठेवल्या की एखादी फुटते आणि सगळा माल जातो, त्या वर आणि उभ्या ठेवाव्यात. चहा आणि मिरची वेगवेगळ्या पिशव्यांत बांधावी, नाहीतर महिनाभर चहाला तिखट वास येतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाला महिन्याचा माल एकदम देऊ नये. डबे उचलणं होत नाही, आणि दोन हप्त्यांत दिला तर आपल्या भेटीही दोन होतात.

काही ठिकाणी जवळच्या किराणावाल्याकडे कूपन लावून देतात. मला ही पद्धत अधिक पटते, कारण घरातल्या बाईला स्वतः निवडून घेता येतं. मात्र काय घेता येईल याची यादी दुकानदाराकडे लेखी हवी, आणि बिल महिन्याच्या महिन्याला चुकतं करायला हवं. बिल थकलं की दुकानदार कूपनवाल्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतो, आणि अपमान त्या बाईच्या वाट्याला येतो.

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला कॉन्फरन्सची, म्हणजे सोसायटीच्या स्थानिक शाखेची, बैठक होते. प्रार्थना, छोटं वाचन, मागचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशोब, जोड्यांचे अहवाल, नवे अर्ज, आणि मग गुप्त वर्गणी. कापडी पिशवी फिरते, प्रत्येकजण मूठ आत घालतो. आज खिशात काही नसेल तर रिकामी मूठ घालायची, कुणाला कळत नाही. सभासदाची ऐपत उघडी पडू नये म्हणून ही काळजी असते, आणि तीच काळजी मदत घेणाऱ्याचीही घ्यावी. इतिवृत्तात कुटुंबाचं नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक क्रमांक पुन्हा चर्चेला घ्यावा. मुलगा कामाला लागला असेल तर मदत कमी करावी, आजार वाढला असेल तर वाढवावी. हा आढावा झाला नाही की जुनी नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि नव्या अर्जाला जागा उरत नाही. बँकेत मोठी शिल्लक साठवून अभिमान बाळगणं सोसायटीच्या नियमात बसत नाही. पैसा वर्षाच्या आत गरजूंकडे गेला पाहिजे.

पैशांची आणखी एक बाब. परदेशातल्या नातेवाइकाकडून देणगी घेताना त्याचं नागरिकत्व विचारावं. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण त्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही ती परकीय देणगीच ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या ट्रस्टला ती घेता येत नाही. खजिनदाराने हे आधी विचारलं नाही तर पुढे सगळ्या ट्रस्टला निस्तरावं लागतं.

शाळेची मदत मे महिन्यातच उरकावी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वह्यांचे भाव चढलेले असतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, तेव्हा पैसे वह्या, बूट, रेनकोट आणि प्रवासावर घालावेत. फी थेट शाळेच्या नावे चेकने भरावी.

दवाखान्याच्या अर्जाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, कारण इथे आपला पैसा कधीच पुरत नाही. पहिला प्रश्न असा: हे रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का? असेल तर आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर आधी जावं. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर कायद्याने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून अर्ज करावा, सोबत शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला न्यावा. हे दाखल होतानाच करायचं असतं. नातेवाईक अंतिम बिल हातात आल्यावर फोन करतात, तोवर अनामत भरलेली असते आणि सवलतीची वाट अवघड होते. म्हणून ज्या घरात हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवायला सांगावं. विधवा आणि निराधार बाईचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही त्याच फेरीत भरून घ्यावा. मंजूर झाल्यावर पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात आणि आजींना वाटतं सरकारने नाव कापलं.

काही धर्मग्रामांत रुग्णांसाठी साहित्य वापरायला देतात: वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, पाठ वर करता येणारा पलंग, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र). देताना वही आणि थोडी अनामत असावी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे साहित्य बसवून द्यावं. वॉकरची उंची तशीच ठेवून दिली की माणूस वाकून चालतो आणि पुढे तोंडावर पडतो. रुग्णाला चपला घालून सरळ उभं करावं, हात बाजूला सोडायला सांगावेत, मूठ मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. चारही पायांची बटणं एकाच भोकात ‘टक’ करून बसली आहेत का, हे बोटाने चाचपावं. खालची रबरी बुचं उलटी करून पाहावीत. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर ओल्या लादीवर वॉकर सरकतो, आणि ते बुच बदलायला फार थोडा खर्च येतो. व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते कात्रीने कापून काढावेत. कॉन्सन्ट्रेटरची जाळी आठवड्यातून एकदा धुवून पूर्ण वाळवून लावावी. तो विजेवर चालतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जातेच, म्हणून सोबत भरलेला सिलिंडर हवाच. ऑक्सिजन किती सोडायचा ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं असावं, घरच्यांनी अंदाजाने काटा वाढवू नये.

पलंग परत यायला सहसा एकच कारण असतं. तो मागायला फोन करू नये. दफनानंतर सात दिवसांची मिस्सा होऊ द्यावी, मग पहिल्या दिवशी जी जोडी त्या घरी गेली होती तिनेच जावं. बसावं, चहा घ्यावा. पलंग सोडवायला लागणारे पाने बरोबर न्यावेत, म्हणजे घरच्यांना कुणाकडे मागायला जावं लागत नाही. आणि वहीत पलंगाच्या रकान्यात ‘परत’ लिहिलं, तरी त्या घराचा क्रमांक बंद करू नये, कारण आता तिथे मागे एकटं राहिलेलं माणूस असतं.