भोंग्याशिवायचं स्विंडन

कामासाठी इंग्लंडमधल्या स्विंडनला आलेय. आज लवकर सुटले, म्हणून स्टेशनजवळचं रेल्वे व्हिलेज बघून आले. व्हिलेज कसलं, चाळच ती! फक्त आडवी, दगडी आणि दुमजली.

१८४० च्या दशकात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने इथे इंजिनांचा कारखाना काढला आणि कामगारांसाठी या ओळी बांधल्या. गल्ल्यांची नावं वाचत गेले तर ब्रिस्टल, एक्सेटर, टॉन्टन. म्हणजे रेल्वेची स्टेशनंच. गाडी चुकल्यासारखं वाटतं चालताना.

भिंती एकमेकींना चिकटलेल्या, दारं बुटकी. एका उंबऱ्याचा दगड मधोमध चक्क वाटीसारखा झिजलाय. त्यावर बोट फिरवलं. आतून कुत्रं भुंकलं, पळाले! लोक राहतात हो अजून.

मला थांबवलं ते मेडिकल फंडाने. १८४७ पासून कामगारांच्या पगारातून थोडे पैसे कापायचे आणि त्यातून सगळ्या कुटुंबाचं डॉक्टर-औषध. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आली १९४८ मध्ये!

आमचे आजोबा परळ वर्कशॉपात फिटर. आजी भोंग्यावर कुकर लावायची, घड्याळावर नाही. इथलाही भोंगा गावभर ऐकू जायचा म्हणे. १९८६ ला कारखाना बंद झाला, तोही थांबला. आता जुन्या शेडमध्ये ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत. तिथे भाव बघून एक मोजा घेतला नाही, कॉफी तेवढी प्यायले.

आईला उंबऱ्याचा फोटो पाठवला. तिचा रिप्लाय: "पुसून घेत नाहीत का गं?"