आजोबांवरची पुस्तिका: सुरुवात कुठून?

"आजोबा गेले. वर्षश्राद्धापर्यंत त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कुठून करू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि गोव्यातल्या कितीतरी घरांतून हेच विचारलं जातं. सुरुवात घरातून करू नका. घराला माहीत असतो तो ओटीवरचा कर्ता पुरुष. पण त्याच माणसाने दुकान चालवलेलं असतं, कुळागर (नारळ-पोफळीची बाग) शिंपलेलं असतं, जत्रेच्या नाटकात तोंडाला रंग लावलेला असतो, सप्ताहात रात्रभर टाळ धरलेले असतात. नाटकातला जोडीदार, नारळ काढणारा पाडेली, जुनं गिऱ्हाईक यांच्यातलं जे वयाने सगळ्यांत मोठं असेल, त्याच्याकडे आधी जा. नातवंडं थांबू शकतात. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण पंखा बंद ठेवून. आणि जूनच्या आत उरका, कौलांवर पाऊस लागला की शब्द कळत नाहीत.

साल विचारू नका, ते हमखास चुकतं. "1955 च्या नाकेबंदीच्या आधी की नंतर?", "जनमत कौलाला थोरला शाळेत जायचा का?" असं विचारा. नाकेबंदी म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची भारताने केलेली, आणि कौल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचं मतदान. कौल 16 जानेवारी 1967 चा, त्यावरून पुढचं मागचं जुळवता येतं.

सगळ्यांत मोठा घोळ पैशांचा. वहीत "पगार 300" दिसतो. 1959 च्या आधीचा असेल तर ते पोर्तुगीज राजवटीतले गोव्याचे रुपये. नंतरचा, 1961 च्या मुक्तीपर्यंतचा, असेल तर एस्कुद हे पोर्तुगीज चलन, आणि एका रुपयाला सहा एस्कुद. पान कोणत्या सालचं ते न पाहता छापलंत तर कमाई सहापट चुकते. भाताचंही तसंच. खंडी म्हणजे वीस कुडव, पण ते माप आहे, वजन नव्हे. दाणा ओला की सुका यावर वजन बदलतं, म्हणून किलो करत बसू नका, खंडीच लिहा.

जन्माची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळत नाही म्हणून लोक हात टेकतात. बाळंतपण आजोळी झालं असेल, तर त्या तालुक्यात पाहा. नावंही पोर्तुगीज वळणाने शोधावी लागतात: शेणवीचं सिनाय, प्रभूचं पोरोबो, आणि शंकर 'एस'मध्ये नव्हे, 'एक्स'मध्ये सापडतो.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्याचा रंग काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. सुटे फोटो उलटे करून कडेला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. "आजोबा" एवढंच नको. आपल्याकडे नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, तेव्हा वडिलांचं नावही सोबत लिहा.