तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशा उघडतो, मग पॉइंट कुठे गेले?

आठवड्यातून एकदा तरी मेसेज येतो, "ताई, नकाशा उघडतोय, पण माझे पॉइंट दिसत नाहीत. कोड दहा वेळा तपासला." मी आधी विचारते, एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी, बघितलात का? लाल ओळी असतील तर सगळ्यात वरची वाचा. खालच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.

खरा घोर कन्सोल स्वच्छ असतो तेव्हा लागतो. सासवडच्या आसपासच्या विहिरींचा नकाशा मी लीफलेटवर, म्हणजे वेबपानावर नकाशे दाखवणाऱ्या तयार कोडवर, करत होते, तेव्हा माझे दोन दिवस असेच गेले. लाल ओळ नाही आणि विहीरही नाही. शेवटी झूम कमी करत करत अख्खं जग समोर आणलं, तर नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात, माझ्या सगळ्या विहिरी! सासवड साधारण १८.३४ अक्षांश आणि ७४.०३ रेखांशावर आहे. लीफलेटच्या कोडमध्ये आधी अक्षांश लिहितात, जिओजेसनच्या, म्हणजे ठिकाणांच्या नोंदी ठेवायच्या फाइलमध्ये आधी रेखांश. मी फाइलही कोडच्याच सवयीनं भरली होती. ७४ हा आकडा अक्षांश म्हणूनही चालतो, मग ब्राउझर तक्रार कशाची करणार?

दुसरी अडचण खास आपल्याकडची. गावातल्या मुलांनी नोंदी देवनागरी अंकांत भरल्या होत्या. जावास्क्रिप्टला, म्हणजे हा कोड ज्या भाषेत लिहितात तिला, त्यांतून संख्या काढता येत नाही, हाती एनएएन येतं, म्हणजे 'ही संख्याच नव्हे', आणि लीफलेट तिथेच एरर देतं. मुलांना इंग्रजी अंक वापरायला लावा, असं मला सुचवलं गेलं. मला ते अजिबात पटलं नाही. मुलांनी आपल्या अंकांत नीट नोंदी केल्या होत्या, जुळवून घ्यायचं ते कोडनं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-यादीत, प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो; देवनागरी शून्याचा २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की शून्य ते नऊ मिळतात. एका ओळीचं काम.

नकाशाच दिसत नसेल तर त्याच्या डिव्हला (पानावरच्या त्याच्या चौकटीला) सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, उंची दिली आहे का ते बघा. लपलेल्या टॅबमधला नकाशा अर्धा राखाडी दिसत असेल, तर टॅब उघडल्यावर इनव्हॅलिडेटसाइझ ही लीफलेटची नकाशाचा आकार पुन्हा मोजायची आज्ञा चालवा.

आणि मला विचाराल तेव्हा नुसता स्क्रीनशॉट नको. वरची लाल ओळ आणि फाइलमधली कुठलीही एक नोंद, जशीच्या तशी पाठवा.