संत्र्याच्या कलमावरची अळी आणि उलटी लेन्स

कॅमेरा घेतला हे गावात कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मंग ताडोब्याले केव्हा जाऊन रायला?" वाघाशिवाय कॅमेऱ्याला दुसरं काही काम असतं हे आमच्या वरूडकडे पटवून देणं कठीण. मेळघाट त्यातल्या त्यात जवळ, पण जिप्सीचं भाडं, मुक्काम आणि वर ती हातभर लांब लेन्स असा हिशेब मांडला तर आंबिया बहाराचा पैसा तिकडेच खलास. माझ्याकडे होता सेकंडहँड डीएसएलआर आणि त्याच्यासोबत मिळते ती १८ ते ५५ मिलिमीटर झूमची साधी लेन्स. शिवाय घरामागची सांदवाडी: एक कढीपत्ता, एक लिंबाचं झाड, न्हाणीच्या पाण्यावर माजलेला धोपा (अळू) आणि शेंदुरजनाघाटहून आणलेली, वावरात लावायची राहिलेली संत्र्याची कलमं.

जनावरं इथेही भरपूर, फक्त मिलिमीटरमध्ये मोजावी लागतात. अडचण लेन्सची. ती पाव मीटरच्या आतलं पाहतच नाही, त्यामुळे मुंगी म्हणजे फोटोतला एक ठिपका. खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणाऱ्या लेन्समध्ये, किडा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो उमटवणाऱ्या चिपवर) त्याच्या असेल त्या आकारात उमटतो, त्याला एकास एक म्हणतात. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे २२ मिलिमीटरच्या अळीनं फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला की झालं एकास एक. अशा लेन्सची किंमत ऐकून मी विषय सोडला होता. मग अमरावतीच्या एका स्टुडिओवाल्या दादांनी सांगितलं, "तीच लेन्स उलटी लाव ना."

उलटी म्हणजे खरोखरच उलटी. रिव्हर्स रिंग नावाची धातूची चकती मिळते, मॅक्रो लेन्सच्या मानानं अगदी किरकोळ पैशात. तिच्या एका बाजूचे आटे लेन्सच्या तोंडावर फिरवायचे, दुसरी बाजू कॅमेऱ्याला. घेताना लेन्सच्या तोंडावरचा आकडा पाहायचा, माझ्या लेन्सवर ५८ होता. एरवी लेन्स मोठं दृश्य छोट्या सेन्सरवर बसवते, उलटी केली की छोट्याचं मोठं करते. १८ वर ठेवली तर भरमसाट मोठं, ५५ वर कमी. फोकस मात्र लेन्सपासून चार-पाच सेंटीमीटरवरच मिळतो, त्याच्या पुढेमागे काहीच नाही.

या जुगाडात खरी डोकेदुखी ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या पात्यांनी लहानमोठं होणाऱ्या, उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची. उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी विजेचा संबंध तुटतो. ऑटोफोकस गेला, पडद्यावर ॲपर्चरच्या जागी नुसती शून्यं, आणि पाती सताड उघडी. अशा वेळी अळीचा एक केस स्पष्ट येतो, बाकी सगळा धूर. त्यावरची युक्ती अशी: लेन्स आधी सरळ लावायची, ॲपर्चर एफ ८ ठेवायचं (आकडा मोठा तसं छिद्र बारीक), पाती आधीच मिटवून दाखवणारं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. पाती मिटलेली तशीच राहतात. मग उलटी लावायची. एफ १६, २२ चा मोह पडतो, कारण स्पष्ट दिसणारा थर जाड होतो, पण प्रकाश इतक्या बारीक छिद्रातून जाताना पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. मी ८ सोडत नाही.

फोकसची रिंग फिरवत बसू नये. फोकस अंगानं करायचा, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावून स्वतः केसभर पुढे, केसभर मागे व्हायचं आणि हवा तो भाग लख्ख झाला की बटण दाबायचं. ट्रायपॉड मी सांदवाडीत कधी नेत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ धरतो आणि त्याच हातावर लेन्स टेकवतो. हात थरथरला तरी पान आणि लेन्स सोबतच थरथरतात, अंतर तेवढंच राहतं. वारा असेल तर फांदीला काडी लावून कपड्यांचा चिमटा. तरीही दुपारी काही होत नाही. सकाळी, ऊन टिनावर यायच्या आत, किडे थंड असतात आणि हलत नाहीत. काही जण किडे फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करतात म्हणे. मला ते मुळीच पटत नाही.

आता उजेड. मिटलेल्या ॲपर्चरमुळे कॅमेऱ्यातून सगळं अंधारलेलं दिसतं, म्हणून फ्लॅश हवाच. पण लेन्स अळीच्या इतकी जवळ असते की कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची वाट तीच अडवते, अळीवर काळी सावली. नव्या टीव्हीच्या खोक्यात पांढऱ्या फोमची पातळ शीट आली होती. तिला लेन्सपुरतं भोक पाडलं, फ्लॅशवरून ओढून पुढे कमान केली. उजेड त्या शीटभर पसरतो आणि वरून मऊ होऊन खाली उतरतो. शटर १/२००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅशची ताकद कमी. कमी ताकदीवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकते, त्यामुळे हाताची थरथर फोटोत येत नाही. मागे काही नसेल तर पार्श्वभूमी काळीकुट्ट होते. लोकांना ती आवडते, मला दिवसाढवळ्याची अळी रात्रीची दिसलेली आवडत नाही. मागे एक हिरवं पान धरलं की काम भागतं.

एवढी तयारी झाली आणि पावसाळ्यात कलमांना नवती फुटली. कोवळ्या पानांवर लाइम बटरफ्लाय नावाचं फुलपाखरू एकेक करून फिकट पिवळी, मोहरीपेक्षाही बारीक अंडी घालून गेलं. त्यातून निघणारी अळी आधी काळपट-पांढरी, हुबेहूब पाखराची विष्ठा. कात टाकत टाकत शेवटी हिरवी होते. तेव्हा तिच्या पाठीवर पुढच्या बाजूला दोन मोठे डोळे दिसतात, आणि फोटो काढणारा त्यांच्यावरच फोकस करतो. ते डोळे नव्हेतच, भीती दाखवायचं सोंग आहे. खरं डोकं खाली दुमडलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा टिंबं, ते तिचे डोळे. उलट्या लेन्समधून ती टिंबं वेगवेगळी मोजता येतात. पान जरा जास्त हललं की मानेमागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र, आंबूस वास सुटतो. शिंग लगेच आत जातं, त्यामुळे कॅमेरा आधीच जागेवर हवा.

आजी ओट्यावरून म्हणाली, "अळीचे कोनी फोटू काढते का बाप्पा?" बाबांचा मुद्दा जास्त गंभीर होता. मोठ्या झाडाचं ही अळी फार काही बिघडवत नाही, पण कलमाची पानं पाहता पाहता साफ करते. पंप भरून तयार. "फोटू काढ नाही तं आरती कर, मी आज फवारतो." शेवटी टाकीमागचं एक कलम माझं, बाकी कलमांवरच्या अळ्या मी हातानं वेचायच्या, असा तह झाला.

त्या कलमावर एक अळी कोषात गेली. शेपटाकडून काडीला चिकटली आणि कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून मागे रेलली, खांबावर पट्टा लावून चढलेल्या लाइनमनसारखी. कोष हिरवा होता. मग एका संध्याकाळी तो काळवंडला आणि आतले पंखांचे ठिपके बाहेरून दिसू लागले. याचा अर्थ दुसऱ्या सकाळी तयार राहायचं. फुलपाखरू निघतं तेव्हा उलटी लेन्स उपयोगाची नाही, ते फ्रेममध्ये मावत नाही. लेन्स सरळ केली. पंख चुरगळलेल्या ओल्या कापडासारखे निघतात हे वाचलेलं होतं, पण ते भरत जाताना मागच्या पंखावरचा लाल ठिपका ताणून मोठा होताना पाहणं वेगळं. पंख ताठ होऊन ते स्थिर बसलं तेव्हा पुन्हा उलटी लावली आणि त्याच ठिपक्याचे खवले टिपले, कवेलूसारखे एकावर एक रचलेले.

त्याच पावसाळ्यात मृगाचे किडेही केले. लाल मखमलीचा हा किडा आठ पायांचा, म्हणजे कोळ्यांच्या भावकीतला. त्याचा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. मखमल जाऊन नुसता लाल डाग येतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर फ्लॅश आणखी कमी करायचा, फोटो अंधारा वाटला तरी चालेल. भिंतीवरचा उडी मारणारा कोळी सोपा, कारण तो स्वतःच वळून लेन्समध्ये पाहतो.

उलट्या लेन्सची मागची काच उघडी राहते आणि आमच्या काळ्या मातीची धूळ तिथे लगेच बसते, फुंकणी सोबत ठेवावी लागते. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

हल्ली बाबा वावरातून पानं घेऊन येतात. मागच्या खेपेला पानाच्या खाली काळे बारीक ठिपके होते. मोठे करून पाहिले तर प्रत्येक ठिपक्याला पांढरी झालर, काळ्या माशीची पिल्लं. यांच्याच चिकट्यावर कोळशी (काळी बुरशी) चढते आणि झाड काळं पडतं. बाबांनी चष्मा वर सरकवून पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "झालर मस्त आली," म्हणाले. "आता औषध कोन्तं मारू ते सांग."