आज काय विशेष?

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी लिफ्टमध्ये शिरले आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघत विचारलं, "अगंबाई, आज काय विशेष?" आणि मी, चाळिशी उलटलेली, स्वतःच्या पगारातून स्वतःचे कपडे घेणारी बाई, चक्क खोटं बोलले. म्हटलं, "काही नाही हो काकू, बाकीचे सगळे धुवायला टाकलेत."

बाकीचे सगळे कपाटात होते. धुतलेले, घड्या घातलेले. मी मुद्दाम, ठरवून, तो गडद हिरवा ठेवणीतला ड्रेस घातला होता, ऑफिसला, साध्या मंगळवारी. आणि का घातला होता ते सांगायचं तर गेल्या वर्षीच्या सणापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या वर्षी सणाला जोडून शनिवार-रविवार आला, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी, सगळ्यांनी एकत्र जमायचं ठरलं आणि फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस आधीपासून एकच विषय, कोण काय घालणार. पहिल्या दिवशी काय, मुख्य दिवशी काय, परत येताना काय. एका चुलत वहिनीने रंगही ठरवून टाकले. मी म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे, आणि सगळंच नवीन घेतलं. ड्रेस नवीन, सँडल नव्या, कानातले नवे, केससुद्धा दोन दिवस आधी कापून आले. ही चूक आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण एका वेळी एकच नवी गोष्ट माणसाला झेपते, चार झेपत नाहीत.

सँडल मी सकाळी दुकान उघडता उघडता जाऊन घेतल्या होत्या. दिवसभर उभं राहून, चालून संध्याकाळपर्यंत पाय थोडे सुजतात, प्रत्येकाचेच, म्हणून चपला-बूट दुपारनंतर घ्यावेत हे मला माहीत आहे. माहीत असून काय उपयोग. सकाळी अगदी मापात बसलेली सँडल संध्याकाळी सातला चावायला लागली आणि आठला मी एका पायावर भार देऊन बगळ्यासारखी उभी. ड्रेसचा गळा सारखा एका बाजूला सरकायचा, बाही वर चढायची, खिसा नाहीच, त्यामुळे फोन संध्याकाळभर हातात. (बायकांच्या कपड्यांचे खिसे हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे. 2018 मध्ये द पुडिंग नावाच्या वेबसाइटने वीस ब्रँडच्या जीन्सचे खिसे खरोखर मोजले होते, बायकांचे पुढचे खिसे पुरुषांपेक्षा सरासरी 48 टक्के आखूड निघाले. निदान ते आखूड तरी होते, सणाच्या ड्रेसला तेही नसतात, मग घरातल्या पुरुषांचे खिसे म्हणजे सार्वजनिक लॉकर होतात.) नंतर फोटो आले. प्रत्येक फोटोत मी हसतेय आणि प्रत्येक फोटोत माझा एक हात गळ्यापाशी आहे.

आणि त्याच फोटोत मागे मावशी. मोतिया रंगाचा सिल्कचा लांब टॉप, जो मी गेली किमान आठ वर्षं बघतेय, पायात जुन्याच चपला, आणि अशी बसलीये जशी त्या कपड्यातच जन्मली. दर वर्षी असंच असतं. कपडा तोच, कधी गळ्यात वेगळं काही, कधी खांद्यावर एखादा स्टोल, बास. आणि दर वर्षी सगळे तिलाच म्हणतात, काय छान दिसतेस. आधी मला वाटायचं हे नशीब असतं, काही लोकांना कपडे बसतात, काहींना नाही.

ते नशीब नाही. तिसऱ्या दिवशी निघताना गप्पा मारता मारता कळलं. मी तिला म्हटलं, "मावशी, तुझा हा टॉप नवीनच वाटतो अजून, जपून वापरतेस ना?" तर ती म्हणाली, "जपून कसला. परवा दिवसभर हाच घालून माळा आवरला की. सणाच्या आधी एक दिवस घरात घालते मी नेहमी. जरा चुरगळू दे, मळू दे, मग दुसऱ्या दिवशी बरा वाटतो."

मी गारच पडले. सिल्क घालून माळा!

पण नंतर विचार करत राहिले आणि वाटलं, बरोबरच आहे की. आपले रोजचे कपडे बघा. जीन्स गुडघ्यात आपल्यासारखी वाकलेली असते, शर्टची कॉलर मान जिकडे कलते तिकडे कललेली, चपलेत तर आपल्या बोटांचे ठसेच उमटलेले. त्यांना आपण माहीत असतो. ठेवणीतल्या कपड्याला फक्त हँगर माहीत असतो. वर्षातून एकदा बाहेर येतो, डांबराच्या गोळीच्या वासासकट, चार तास अंगावर राहतो, आणि ते चार तास आपण त्याला आणि तो आपल्याला परका. आणि गंमत म्हणजे आपण त्या एकाच दिवशी चारचौघांत सगळ्यात जास्त मोकळं, हसतं, खेळतं दिसायचं ठरवलेलं असतं, म्हणजे ज्या दिवशी अनोळखी कपड्यात असतो नेमक्या त्याच दिवशी. नाटकवाले तरी बरे, ते रंगीत तालीम करतात.

तर माझी रंगीत तालीम मंगळवारी सुरू झाली. सण पाच आठवड्यांवर होता. ठरवलं होतं की या वेळी नवीन काही घ्यायचं नाही, कपाटात तीन वर्षं लटकलेला हा हिरवा ड्रेस, ज्याला मी आत्तापर्यंत मोजून दोनदा घातलंय, तोच घालायचा, पण त्याआधी त्याला माणसाळवायचं.

काकूंना खोटं सांगून ऑफिसला पोचले तर तिथे वेगळाच प्रकार. शेजारच्या टेबलवरचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, इंटरव्ह्यू आहे का कुठे?" एकीने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, मी नाही म्हणेपर्यंत ग्रुपवर केकची चर्चा सुरू झाली होती. आणि साहेब, जे एरवी मान वर न करता फाइल घेतात, ते "बसा ना" म्हणाले. इंटरव्ह्यूची बातमी बहुतेक तिथपर्यंत पोचली असावी. एका ड्रेसमुळे माझी नोकरी एकाच दिवशी धोक्यातही आली आणि पक्कीही झाली.

म्हणजे बघा, साध्या दिवशी बरे कपडे घातले की लोकांना कारण द्यावं लागतं, वाढदिवस, इंटरव्ह्यू, गेला बाजार कोणाचं तरी लग्न. आणि सणाच्या दिवशी साधे कपडे घातले तर "हे असंच येणार आहेस?" असं घरचेच विचारतात, तिथेही कारण द्यावं लागतं. मधल्या मधे, कुठल्याही कारणाशिवाय, आवडतं म्हणून घातलंय, हे उत्तर कोणालाच पुरत नाही. मलाही पुरलं नव्हतं, नाहीतर लिफ्टमध्ये मी धुण्यावर ढकललं नसतं.

दुसऱ्या वेळी घातला तेव्हा कमी लोकांनी विचारलं. तिसऱ्या वेळी पेनची शाई उडाली, डाव्या कुशीवर, रुपयाएवढा डाग. आधी धस्स झालं. मग लक्षात आलं की आता या ड्रेसला जपायचं ओझं गेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो घालून मांडी घालून बसले.

या सगळ्यात इस्त्रीचंही एक कोडं सुटलं. हा ड्रेस सुती आहे आणि मी कायम अशी तक्रार करायचे की इस्त्री करून घालते न घालते तोवर चुरगळतो. कारण मी शेवटच्या क्षणी इस्त्री करून गरम गरमच अंगात चढवायचे, आणि लगेच गाडीत बसायचे. सुती धाग्यात सेल्युलोजच्या लांब लांब साखळ्या असतात, त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, ओल आणि उष्णता मिळाली की ही पकड सुटते आणि कापड गार होताना जशा स्थितीत असेल तशी परत धरते. इस्त्री म्हणजे तेवढंच. मग गरम ड्रेस घालून सीटवर बसलं की सीटच्याच सुरकुत्यांची इस्त्री होणार ना! आता दहा मिनिटं हँगरला लावून गार होऊ देते. इतकी वर्षं मी ड्रेसला बोल लावत होते.

मग बॅग भरायची वेळ आली. तीन दिवसांना माणसाला किती कपडे लागतात? तीन जोड, फार तर चार. पण आपण "लागलंच तर"चे कपडे घेतो. थंडी पडलीच तर, कोणी बाहेर जायचं काढलंच तर, मुख्य दिवशीच्या कपड्यावर काही सांडलंच तर, आणि सांडलेल्यावर घातलेल्यावर परत काही सांडलं तर. माझा याबाबत बॅगेच्या चाकांवर राग आहे. बर्नार्ड सॅडो नावाच्या गृहस्थांना चाकांच्या सुटकेसचं पेटंट 1972 मध्ये मिळालं, नंतर 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या पायलटने उभी ओढायची, लांब दांड्याची बॅग काढली, आणि वजन हा प्रश्न संपला. हाताने उचलून न्यायची असती तर "लागलंच तर" आपोआप घरी राहिलं असतं. या वेळी मी बॅग भरली, बंद केली, चाकांशिवाय उचलून जिन्यापर्यंत नेली आणि परत येऊन चार कपडे काढले. नवऱ्याने तीन शर्ट आणि एक पँट घेतली, तीही अंगावर. त्याच्याबद्दल मला आदर वाटावा की काळजी ते ठरलं नाही.

मुख्य दिवशी हिरवा ड्रेस घातला. डागावर मावशीचाच सल्ला घेतला असता पण ती अजून यायची होती, म्हणून कुशीपाशी एक चुणी धरून आतून सेफ्टी पिन लावली, डाग चुणीत गेला. सेफ्टी पिनेबद्दल मला फार माया आहे. वॉल्टर हंट नावाच्या माणसाला कोणाचे तरी पंधरा डॉलर द्यायचे होते, म्हणून त्याने तार वाकवत वाकवत ही काढली असं सांगतात, 1849 मध्ये पेटंट घेतलं आणि हक्क चारशे डॉलरला विकून मोकळा झाला. त्या बिचाऱ्याला कुठे माहीत की जगातले निम्मे सण त्याच्या पिनेवर टिकून राहणार आहेत. कुठल्याही नटूनथटून आलेल्या माणसाला उलटं करून बघा, किमान दोन पिना निघतील.

संध्याकाळ कशी गेली हे सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच मला सांगायचंय. गळा कुठे आहे, बाही कुठे आहे, काही आठवत नाही. पायात जुन्या चपला होत्या. बाकी सगळे नव्या कपड्यांत ताठ उभे, एक भाचा तर नव्या जॅकेटमुळे हातच खाली सोडत नव्हता. माझ्याकडे बघून वहिनी म्हणाली, "हा नवीन का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "वाटतच नाही." आता हे कौतुक होतं की काय होतं ते मी विचारलं नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो तिसरा दिवस. त्याची कोणी तयारी केलेली नसते. नवे कपडे एकदा घालून झालेले, बॅगेत बोळे होऊन पडलेले, आणि सकाळी सगळे जण हाताला लागेल ते घालून बाहेर येतात. खाली नाइट पँट आणि वर कालचा भरजरी कुडता. कानात कालचेच झुमके, कारण काढायचा कंटाळा, आणि अंगात नवऱ्याचा टी-शर्ट. वहिनी, रंग ठरवणारी वहिनी, हिरव्या पँटवर जांभळा स्वेटर घालून पेपर वाचत होती आणि काय झकास दिसत होती! सगळ्यांच्या कमरेला इलॅस्टिक. 1958 मध्ये ड्युपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या केमिस्टने स्पँडेक्सचा धागा तयार केला, ताणला तरी परत मूळ मापाला येणारा. दोन दिवसांच्या जेवणांनंतर कमरेचं माप परत येत नाही, धाग्याचं येतं, एवढाच काय तो आधार. मावशी माझ्या जॅकेटमध्ये होती. न विचारता घेतलं होतं आणि माझ्यापेक्षा तिला बरं बसत होतं, तिने तर ते माळ्यावरही नेलं नव्हतं.

मी काय घातलं होतं? तोच हिरवा ड्रेस, खाली लेगिंग्ज, पिन काढून. डाग मोकळा.

परत आल्यावर बुधवारी सकाळी लिफ्ट थांबली तर आत काकू. गर्द निळ्या रंगाचं काहीतरी सुंदर नेसलेल्या, केसांना व्यवस्थित क्लिप, आणि हातात नेहमीची बाजारची पिशवी. माझ्या तोंडात आलंच होतं. जीभ चावली आणि म्हटलं, "काकू, रंग काय सुरेख आहे हो."

काकू एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "छे गं, बाकीच्या सगळ्या धुवायला टाकल्यात."