शनिवारचा पगार आणि पाच तारखेचा हप्ता

गेल्या ऑक्टोबरात माझे १६८० रुपये गेले. काही वस्तू घेतली नाही, घरात आजारपण नव्हतं, हप्ता बुडवायचा विचारही नव्हता. पैसे डब्यात मोजून ठेवलेले असताना गेले. आमच्या कारखान्यातल्या कितीतरी बायकांचं असंच होतं आणि त्या गप्प बसतात, म्हणून लिहिते.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. ह्यांना खाणीच्या ट्रकावर नोकरी होती, महिन्याचा पगार होता. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि ती गेली. आता हे एका शेडवर ग्रिल-गेटचं वेल्डिंग करतात, मी काजू फोडते. दोघांनाही शनिवारी संध्याकाळी रोख मिळतात. ह्यांचे ४२००, खाडा झाला की त्यातून कमी. माझं काम किलोवर, त्यामुळे कधी २४०० तर कधी १९००. म्हणजे आमच्याकडे पैसे येतात वाराने आणि बिलं येतात तारखेने. इतकी वर्षं पसरकाराच्या, म्हणजे किराणावाल्याच्या, उधारीच्या वहीवर ते जमून जायचं. ह्यांच्या स्कूटरचं कर्ज घेतलं आणि जमेनासं झालं, कारण दर ५ तारखेला २८५० रुपये माझ्या खात्यातून आपोआप कापले जातात. पसरकार दोन दिवस थांबतो, मशीन थांबत नाही.

५ ऑक्टोबर २०२५ ला रविवार होता. शनिवारी पगार हातात पडला तेव्हा सहा वाजून गेले होते, बँक बंद. गावात बँकेचा एक माणूस छोटं मशीन घेऊन बसतो, त्याच्याकडे गेले. त्याला अंगठा लागतो. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागून लागून माझ्या बोटांची कातडी सोलवटलेली असते. राख लावा, खोबरेल लावा, ती भरून येत नाही. पाच वेळा अंगठा ठेवला, नंतर दुसरी बोटं ठेवली, ठसा उठलाच नाही. म्हटलं, जाऊ दे, उद्या रविवार, बँकेला सुट्टी. हप्ता सोमवारी कापतील, सकाळी भरून टाकीन.

हीच चूक झाली. पूर्वी सुट्टीच्या दिवशीचा हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी जायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून ही कापायची यंत्रणा रविवारी आणि सणासुदीलाही चालते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कर्जाच्या कागदांवर वीस सह्या घेतल्या, त्यातल्या एकीच्याही वेळी नाही.

रविवारी खात्यात होते २१० रुपये. हप्ता परत गेला. सोमवारी उघडल्या-उघडल्या मी २८५० भरून आले आणि निर्धास्त कामाला बसले. तिथे बँकेने हप्ता परत गेल्याचा आकार लावला, ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. तो माझ्या भरलेल्या पैशातून गेला. उरले २४७०. गुरुवारी कर्जवाल्या कंपनीने परत हप्ता मागितला, ३८० कमी पडले, परत नापास. परत ५९०. वर कंपनीचे ५०० वेगळे. एका रविवारासाठी १६८०! माझी जवळजवळ पाच दिवसांची काजू फोडण्याची कमाई.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून शाखेत गेले. काउंटरवरचा म्हणाला, "हप्ता कंपनीने टाकला, आम्ही काय करणार? कंपनीला विचारा." कंपनीची कचेरी म्हापशाला. शनिवारी बस पकडून तिथे गेले, तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, पैसे बँकेने कापलेत, बँकेला विचारा." तारीख बदलून द्या म्हटलं, तर ५, १० किंवा १५, या तीनच तारखा, आणि त्यासाठी नवा अर्ज, नवी सही, वरून मंजुरी. नुसतं बदलून काय फायदा, १० तारीखही कधीतरी रविवारी येणारच. तिसऱ्या खेपेला बँकेत मॅनेजर नव्हते. मी अकरापासून एकपर्यंत बाकावर बसून होते. माझं काम किलोवर आहे, बाकावर बसल्याचे मला कोण देणार?

चौथ्या खेपेआधी वाड्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "बाय, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. कागदावर दे आणि पोच घे." त्यांनी सांगितलं तसा मी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला: अमुक तारखेला २८५० भरले, तुमच्या आकारामुळे ३८० कमी पडले, म्हणून दुसरा आकार परत करावा. पासबुकाची झेरॉक्स जोडली. दोन प्रती नेल्या. काउंटरवरचा अर्ज ठेवून घेत होता, शिक्का द्यायला तयार नव्हता. मी हलले नाही. म्हटलं, "सर, शिक्का आणि तारीख टाका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे हाच कागद लावायचा आहे." मागे रांग वाढली. आतून मॅनेजर आले, अर्ज वाचला, शिक्का मारून दिला. तो दिवस १७ ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावरचा शुक्रवार. पंचविसाव्या दिवशी दुसरे ५९० खात्यात परत आले. पहिले आले नाहीत, कंपनीचे ५०० आले नाहीत. पण ती नोंद छापलेलं पासबुक मी कारखान्यात सगळ्यांना दाखवलं.

लोकपालाचं थोडं सांगते. २०२१ च्या नोव्हेंबरपासून बँका आणि मोठ्या कर्ज कंपन्या यांच्यासाठी ही एकच योजना आहे. आधी बँकेला लेखी द्यायचं, तीस दिवस थांबायचं किंवा त्यांनी नकार दिला की पुढे जायचं. फी नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि खातं. माझं खातं किमान शिल्लक लागणारं होतं. प्रत्येक बँकेत शून्य शिल्लक चालणारं साधं बचत खातं असतं, आपलं चालू बचत खातं तसं करून मागता येतं. त्या बँकेत मग दुसरं बचत खातं ठेवता येत नाही एवढंच. मी त्याच अर्जाच्या खाली हीसुद्धा मागणी लिहिली होती, ती झाली. आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता घरचं. मी महिना चार शनिवारांचा धरते. हप्त्याचे चार भाग, दर शनिवारी ७१५, भाजीच्या पिशवीला हात लावण्याआधी. सिलिंडर आमच्याकडे सहा आठवडे पुरतो, म्हणून त्याचे दर आठवड्याला १५०. वीज आणि पाणी मिळून ३००, उन्हाळ्यात ४००. पसरकाराचं दर शनिवारी पूर्ण चुकतं करते. वही महिनाभर वाढू दिली की आपण काय घेतलं ते आपल्याला आठवत नाही. डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला जाताना मोजून तेवढेच पैसे नेते. सरकारच्या गृह आधार योजनेचे १५०० जमा झाले की त्यांना हात लावत नाही, ते मुलीच्या फीचे.

विजेचा मीटर मी शनिवारी वाचते आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यात कमी, पुढे टप्प्याटप्प्याने चढत जातो. आठवड्याला किती जळतात ते कळलं की बिल आल्यावर धक्का बसत नाही. मेमध्ये एका आठवड्यात आकडा एकदम पुढे गेला, बघितलं तर फ्रीजच्या दाराचं रबर सुटलेलं.

सगळ्यात मोठा आधार पाचव्या शनिवारचा. वर्षात शनिवार बावन्न, बारा महिन्यांचे चार-चार धरले तर अठ्ठेचाळीस. म्हणजे चार शनिवार कुठल्याच बिलाच्या नावावर नसतात. मी कॅलेंडरवर त्यांना लाल गोल करते. २९ नोव्हेंबरच्या शनिवारचे २८५० तसेच खात्यात टाकले आणि तिथेच ठेवले. एक हप्ता कायम आगाऊ पडून असतो, त्यामुळे ५ तारीख कुठल्या वाराला येते याची काळजी राहिली नाही. हे आधी सांगायला हवं होतं, कारण तारीख बदलण्यासाठी म्हापशाला हेलपाटे घालण्यापेक्षा हेच उपयोगी पडलं. ३१ जानेवारीचा शनिवार जुन्या उधारीत गेला. ३० मेचा पुरुमेंताला: पावसाआधी सुकी मासळी, सोलं, मिरची, तांदूळ एकदाच भरून ठेवले. कितीतरी वर्षांनी पुरुमेंत उधार न घेता भरलं आणि मला फार बरं वाटलं. २९ ऑगस्टचा चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, राखलाय. चवथ १४ सप्टेंबरला आहे, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणि मूर्तीचे पैसे त्यातून.

रोख पगारवाल्यांनी आणखी एक करावं. मालकाला निदान हप्त्यापुरती रक्कम खात्यावर टाकायला सांगावं. ह्यांच्या मालकाने पहिल्यांदा नाही म्हटलं, मग शेडवरच्या दोघा-तिघांनी मिळून विचारलं तेव्हा तयार झाला. शनिवारी तिथेच उभं राहून मोबाइलवरून टाकतो, बाकीचे रोख. अंगठ्याचा प्रश्नच मिटला.

५ एप्रिलला परत रविवार आला होता, हप्ता गेला आणि फक्त एक मेसेज आला. येत्या ५ जुलैलाही रविवार आहे. काल जेवणाच्या सुट्टीत शाखेत जाऊन पासबुक छापून आणलं. शिल्लक ३५६५.